बागेत येणाऱ्या पक्ष्यांना दाणे घालायचे, तर काय, किती आणि कुठे?

आपला प्रश्न असा आहे की, घराभोवतीच्या लहानशा बागेत येणाऱ्या पक्ष्यांना नियमित दाणापाणी देण्याची आपली इच्छा आहे, तर त्यांना काय द्यावे, किती द्यावे, भांडे कुठे ठेवावे, आणि मध्येच काही दिवस बाहेरगावी जावे लागले तर सवय लागलेल्या पक्ष्यांची उपासमार होईल का. यातल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ते एकदा पटले की बाकीच्या गोष्टी ठरवणे बरेच सोपे जाते.

मुक्त पक्षी आपल्या दाण्यांवर जगत नाहीत. ते दिवसभर अनेक ठिकाणी हिंडून पोट भरतात आणि आपली बाग ही त्यांच्या फेरीतील एक जागा असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात चिकाडी या चिमुकल्या पक्ष्यावर झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. जेथे पंचवीस वर्षे हिवाळ्यात दाणे घातले जात होते, तेथील दाण्यांची भांडी संशोधकांनी काढून घेतली आणि तेथल्या पक्ष्यांची तुलना कधीच दाणे न मिळालेल्या पक्ष्यांशी केली. दोन्हीकडे हिवाळ्यात तगून राहिलेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले. म्हणजे सहज मिळणारे अन्न समोर असूनही स्वतः अन्न शोधण्याची त्यांची क्षमता कमी झालेली नव्हती. त्याच संशोधकांना असेही आढळले होते की, कडाक्याच्या थंडीत मात्र दाणे मिळणारे पक्षी अधिक संख्येने वाचतात. तेव्हा बर्फ पडणाऱ्या प्रदेशात ऐन हिवाळ्यात दाणे घालणे एकाएकी थांबवू नये, एवढे पथ्य पाळावे. इतर वेळी आपण निर्धास्तपणे बाहेरगावी जावे. निघण्याआधी भांडे काठोकाठ भरून ठेवण्यापेक्षा ते रिकामे करून, धुऊन, पालथे घालून जाणे केव्हाही चांगले.

हे मी मुद्दाम सांगते, कारण पक्ष्यांना दाणे कमी पडण्याची काळजी बहुतेकांना असते, पण खरा धोका दाणे जास्त झाल्याने आणि एकाच जागी गर्दी झाल्याने उद्भवतो. रानात बिया विखुरलेल्या असतात, त्यामुळे त्या खाणारे पक्षीही विखुरलेले राहतात. आपण एका ताटलीत रोज दाणे ठेवतो तेव्हा वेगवेगळ्या थव्यांतले, वेगवेगळ्या जातींचे, निरोगी आणि आजारी असे सगळे पक्षी एकाच काठावर बसतात, तेथेच विष्ठा करतात आणि एकमेकांच्या तोंडातून सांडलेला दाणा उचलतात. ब्रिटनमध्ये 2005 साली ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा घशाचा रोग फिंच कुळातील, म्हणजे दाणे खाणाऱ्या जाड चोचीच्या लहान पक्ष्यांत दिसू लागला. हा परजीवी मूळचा कबुतरवर्गीय पक्ष्यांमधला. बागांमधून एके काळी सर्रास दिसणारा ग्रीनफिंच या रोगाने इतका घटला की 2021 साली त्याला तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावे लागले. पक्षिसंरक्षणाचे काम करणाऱ्या आणि पक्ष्यांचे खाद्य व साहित्य विकणाऱ्या तेथील सर्वांत मोठ्या संस्थेने, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्सने, 2025 साली सपाट तळाच्या भांड्यांची विक्रीच थांबवली. ज्या देशात बागेतल्या पक्ष्यांना खाऊ घालणे हा घरोघरीचा छंद आहे, तेथे असा निर्णय घ्यावा लागला, यावरूनच या धोक्याचे स्वरूप लक्षात यावे.

म्हणून किती दाणे द्यावेत याचे माझे उत्तर वजनमापात नाही. सकाळी ठेवलेले दाणे संध्याकाळपर्यंत संपले पाहिजेत, एवढेच प्रमाण मी मानते. सुरुवातीला मूठभर दाणे पुरतात. ते तासाभरात संपले तर उरलेला दिवस भांडे रिकामे राहिले तरी काही बिघडत नाही, उलट गर्दी पांगते. संध्याकाळी दाणे उरले तर ते काढून टाकावेत आणि दुसऱ्या दिवशी कमी ठेवावेत. रात्रभर पडून राहिलेले दाणे पक्ष्यांपेक्षा उंदीर-घुशींच्याच उपयोगी पडतात, आणि मग शेजाऱ्यांची तक्रार आली तर ती रास्तच म्हणावी लागते.

भांड्यात दाणे उरले आहेत की नाहीत हे लांबून नीट कळत नाही, आणि याचे कारण चिमणीला दाणा खाताना जवळून पाहिल्यावर समजते. सालीसकट असलेला राळ्याचा दाणा ती चोचीच्या कडेला धरते, जिभेने तो फिरवत राहते, खालची चोच बारीक हालचालीने चालवून साल फोडते, आतला दाणा गिळते आणि फोल तोंडाच्या कोपऱ्यातून खाली गळू देते. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते आणि तोवर तिची नजर पुढच्या दाण्यावर गेलेली असते. फोल हलके असल्याने बरेचसे भांड्यातच, न खाल्लेल्या दाण्यांवर साचत जातात. वरून पाहणाऱ्याला भांडे भरलेले वाटते, पण हलकी फुंकर मारली की वरचा थर उडून जातो आणि खाली चार दाणे शिल्लक असतात. या फोलांखाली ओल धरली की दोन दिवसांत दाण्यांचा गोळा होतो, त्यावर करडी बुरशी येते आणि कुबट वास सुटतो. जुन्या दाण्यांवर नवे दाणे कधीही ओतू नयेत, ते यासाठी. कबुतरे आणि पारवे मात्र दाणा न सोलता सबंध गिळतात. त्यामुळे ती भांड्यावर आली की दाणे पाहता पाहता संपतात आणि लहान पक्षी बाजूला ताटकळत राहतात. कबुतरांचा फारच उपद्रव होत असेल तर जमिनीवर दाणे टाकणे बंद करावे आणि लहान बैठक असलेले नळीसारखे टांगते भांडे वापरावे, कारण जड पक्ष्यांना त्यावर तोल सावरता येत नाही.

भांडे धुण्याच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. आठवड्यातून एकदा, आणि पक्षी फार येत असतील किंवा हवा दमट असेल तर त्याहून लवकर, भांडे रिकामे करून साबणाच्या गरम पाण्याने घासावे. वाळलेली विष्ठा आधी भिजवून मग काढावी, म्हणजे तिची धूळ नाकातोंडात जात नाही. त्यानंतर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून ठेवावे, भरपूर पाण्याने खळखळून घ्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळवण्याची पायरी अनेक जण गाळतात, पण वर सांगितलेला परजीवी ओलाव्यात टिकतो आणि कोरड्यात लवकर मरतो, त्यामुळे ती महत्त्वाची आहे. दोन भांडी आलटूनपालटून वापरली तर एक उन्हात वाळत असताना दुसरे कामाला येते. या कामासाठी वेगळी घासणी आणि हातमोजे ठेवावेत, स्वयंपाकघरातील मोरीत ही भांडी धुऊ नयेत, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. सॅल्मोनेलासारखे जंतू पक्ष्यांकडून माणसांकडेही येतात. छोट्या घरासारखी, छप्पर आणि नक्षी असलेली लाकडी भांडी दिसायला छान असतात, परंतु त्यांच्या सांध्यांत आणि कोपऱ्यांत घाण अडकून बसते. मला विचाराल तर ती भिंतीवर शोभेसाठी लावावीत आणि दाण्यांसाठी सहज सुटे होणारे, गुळगुळीत पृष्ठभागाचे साधे भांडे घ्यावे.

आता जागेविषयी. पक्ष्याला खाताना चारी बाजूंचे दिसले पाहिजे आणि धोका जाणवला तर झटकन झुडपात शिरता आले पाहिजे. मात्र झुडूप अगदी लगत असेल तर तेच मांजराला दबा धरायला उपयोगी पडते. झुडपापासून सुमारे दोन मीटर अंतर आणि मांजराच्या उडीपलीकडची उंची, असा मेळ घालावा. घरात मांजर पाळलेले असेल आणि ते बागेत मोकळे फिरत असेल, तर माझ्या मते दाणे घालू नयेत.

खिडकीची काच हा तितकाच मोठा धोका आहे आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. काचेत आभाळ आणि झाडे दिसतात, पक्षी त्या प्रतिबिंबाला खरी वाट समजतो आणि वेगाने आदळतो. केवळ अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आदळून दरवर्षी 36 कोटी ते जवळजवळ 100 कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज 2014 साली प्रसिद्ध झाला. भांडे काचेपासून एक मीटरच्या आत ठेवावे, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला अंतरच मिळत नाही, किंवा मग दहा मीटरहून दूर न्यावे. मधल्या टप्प्यात ते सर्वांत घातक ठरते. मोठी काच असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा रेघा उमटवाव्यात. ससाण्याचे एकुलते एक चित्र चिकटवून फारसा उपयोग होत नाही, कारण पक्षी त्या चित्राला टाळून उरलेल्या काचेवर आदळतात.

खाद्य निवडताना आपल्या बागेत कोण येते ते आधी पाहावे. राळे, वरी, बाजरी असे बारीक दाणे चिमण्या, मुनिया आणि फिंच आवडीने खातात. सूर्यफुलाच्या न भाजलेल्या, बिनमिठाच्या बिया जाड चोचीच्या पक्ष्यांना आवडतात आणि त्यांत स्निग्धांश भरपूर असतो. फळे खाणाऱ्यांसाठी पिकलेल्या फळाची फोड ठेवावी, पण ती काही तासांत उचलावी. शेंगदाणे कच्चे, बिनमिठाचे आणि निर्दोष असावेत, कारण त्यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते यकृतावर घाला घालते. जे दाणे किडके किंवा कुबट म्हणून आपण खाणार नाही, ते पक्ष्यांसाठी काढून ठेवण्याची सवय अगदी चुकीची आहे. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात असे आपण ऐकले असेल, ते खरे नाही. पाव हे विष नव्हे, पण त्याने पोट भरते आणि पोषण जवळजवळ काहीच मिळत नाही. खारट, तळलेले आणि मसालेदार पदार्थ, चॉकलेट आणि ॲव्होकाडो मात्र कधीही देऊ नयेत, आणि दूधही नको, कारण पक्ष्यांना ते पचत नाही. मधुरस पिणाऱ्या पक्ष्यांसाठी काही जण साखरपाणी ठेवतात. त्यासाठी एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी हे प्रमाण हमिंगबर्डसाठी रूढ आहे. त्यात मध किंवा रंग घालू नये आणि उन्हाळ्यात ते दर एक-दोन दिवसांनी बदलावे लागते. एवढी निगा होणार नसेल तर मधुरसाची फुले येणारे एखादे झुडूप लावणे अधिक शहाणपणाचे आहे.

पिल्लांच्या बाबतीत तर दाण्यांचा उपयोग फारच थोडा. चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षीही पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवतात, कारण वाढीला प्रथिने लागतात आणि ती पुरेशा प्रमाणात तेथूनच मिळतात. वर उल्लेखिलेल्या चिकाडीच्या एका जोडीला एका वेळची पिल्ले उडती होईपर्यंत सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असा अंदाज आहे. एवढ्या अळ्या भांड्यातून पुरवता येत नाहीत, त्या झाडांवरच वाढाव्या लागतात. तेव्हा आपल्या भागातील मूळची झाडे आणि झुडपे लावावीत, पाने थोडी कुरतडलेली दिसली तर दिसू द्यावीत आणि कीटकनाशक फवारू नये. एका बाजूला फवारणी करायची आणि दुसऱ्या बाजूला दाणे ठेवायचे, यात पक्ष्यांचा तोटाच जास्त. विणीच्या हंगामात अख्खे शेंगदाणे ठेवू नयेत, कारण ते पिल्लांच्या घशात अडकू शकतात.

पाणी मात्र बाराही महिने ठेवावे. दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात, त्यामुळे बागेत जास्त जाती पाहायच्या असतील तर पाण्याचे परळच उपयोगी पडते. ते पसरट असावे, कडेला दोन सेंटीमीटर आणि मध्ये फार तर पाच सेंटीमीटर खोल असावे, तळ खडबडीत असावा. तळ गुळगुळीत असल्यास त्यात एखादा चपटा दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे, म्हणजे त्यात डासांची पैदासही होत नाही.

एखादा पक्षी पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून भांड्याशेजारीच बसून राहतो, आपण जवळ गेलो तरी उडत नाही, पुन्हा पुन्हा गिळण्याचा प्रयत्न करतो, किंवा त्याच्या चोचीभोवतीची पिसे ओली आणि खरकटी दिसतात, तेव्हा तो माणसाळला आहे असे समजू नये. तो आजारी असतो. त्या दिवशीच दाणे आणि पाणी दोन्ही बंद करावे, भांडी वरीलप्रमाणे निर्जंतुक करावीत आणि निदान दोन आठवडे पुन्हा काही ठेवू नये, म्हणजे थवा पांगतो आणि लागण पसरायची थांबते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. एकापाठोपाठ पक्षी मेलेले आढळले तर स्थानिक पशुवैद्यकीय विभागाला कळवावे, कारण बर्ड फ्लूची शक्यता त्यांनाच तपासता येते.

सुरुवात करायची झाल्यास पहिला आठवडाभर फक्त पाणी ठेवावे आणि कोणते पक्षी येतात ते पाहावे, मग त्यांच्या चोचीकडे पाहून दाणे आणावेत. नव्या भांड्यावर लगेच कोणी उतरले नाही तरी त्याची जागा रोज बदलू नये. पक्षी ते लांबून पारखत असतात, आणि त्यांतला एक धीट निघाला की बाकीचे येऊ लागतात.