वाचकांचे प्रश्न : जाहिराती ठेवू की वाचक?

प्रश्न : ठाण्यात स्थानिक बातम्यांचं संकेतस्थळ चालवतो. जाहिराती वाढवल्या तर वाचक चिडतात, कमी केल्या तर खर्च निघत नाही. काय करावं? – नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी मोजा. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या पट्ट्यातल्या जाहिरातींची उंची त्या पट्ट्याच्या एकूण उंचीच्या ३० टक्क्यांवर गेली, की ‘बेटर अ‍ॅड्स’ या जाहिरात क्षेत्रातल्या गटाच्या निकषांत ती गर्दी ठरते. निकष वारंवार मोडणाऱ्या साइटच्या सगळ्याच जाहिराती क्रोम २०१८पासून अडवू शकतो. समजा, घोडबंदरच्या कोंडीची बातमी ३००० पिक्सेल उंच आहे आणि तीत २५० उंचीच्या चार जाहिराती आहेत. म्हणजे ३३ टक्के. एक काढा, पानही २७५० होईल, प्रमाण २७ टक्क्यांवर येईल.

पण वाचक चिडतो तो संख्येपेक्षा पान सरकण्यामुळे. लोकलमध्ये उभं राहून ‘पुढे वाचा’वर बोट टेकवावं, तेवढ्यात जाहिरात उगवते आणि बोट तिच्यावर पडतं. असे अपघाती क्लिक गूगल अवैध ठरवून पैसे कापू शकतं, म्हणजे त्यात तुमचंही भलं नाही. उपाय सोपा : ३०० बाय २५०च्या जाहिरातीच्या चौकटीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) किमान २५० पिक्सेल उंची आधीच राखून ठेवा. सीएलएस, म्हणजे पान किती सरकतं याचं माप, ०.१च्या आत आहे का, हे गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्स या साधनावर पाहा.

खालच्या जाहिराती वाचक तिथे पोचताना लोड करा. आपोआप आवाजासह वाजणारा व्हिडिओ मात्र बंदच. उरलेली तूट गावदेवीतल्या दुकानदारांकडून थेट मासिक दराने भरून काढा; मधला दलाल नाही आणि स्क्रिप्टचं ओझंही नाही.