पायाच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी आहे. कॅन्सर झालेल्या शेजाऱ्यांसाठी बसल्या जागेवरून मदतनिधी कसा जमवू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिक्षक आहात, टाचेचं ऑपरेशन झालंय, पाय टेकता येत नाही आणि शेजारच्या काकांच्या उपचारासाठी पैसे उभे करायचेत. आवाहन कुठल्या ॲपवर टाकू, असं तुम्ही विचारलंय. ॲपचं मला विचारू नका, मी एकही वापरलेलं नाही. पण पैसे कशासाठी मागायचे ते आधी ठरवा. सगळे 'उपचारासाठी' मागतात आणि तिथेच चुकतं. उपचारासाठी मागू नका. मुंबईत राहण्यासाठी मागा, जाण्यायेण्यासाठी मागा, आणि पेशंटसोबत जो माणूस राहणार आहे त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून मागा.

मी जयगड खाडीच्या काठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गेल्या भाद्रपदात गौरीच्या रात्री फुगडी घालताना डावं पाऊल बाहेरच्या कडेवर मुरडलं आणि कट्‌कन आवाज आला. रत्नागिरीला एक्स-रे काढला तेव्हा करंगळीच्या मागचं लांब हाड बुडाशी मोडलेलं निघालं. घरात सगळे म्हणत होते, ह्या वयात फुगडी हवी कशाला. डॉक्टरांनी मात्र सांगितलं की ह्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स नावाच्या डॉक्टरांनी १९०२ साली त्याबद्दल लिहिलं, आणि त्यांचं स्वतःचं हाड नाचतानाच मोडलं होतं. तेवढ्यानेही मला धीर आला. हाडाच्या त्या जागेला रक्त कमी पोचतं, त्यामुळे ते सांधायला वेळ घेतं. म्हणून आतून स्क्रू घातला आणि सहा आठवडे पाऊल जमिनीला लावायचं नाही असं बजावलं.

ओटीवर खाट टाकली, दोन उशांवर पाय. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काकी रोज सकाळी शाळेत जाता जाता मला पेज देऊन जायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी पेजेचं भांडं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, जरा माज्या तोंडात बगा. दोन म्हैने झाले, जकम भरत नाय." खालच्या ओठाच्या आत, जिथे चाळीस वर्षं मशेरी दाबून ठेवली, तिथे पांढरट कडा असलेला व्रण होता. मी वर्गात तंबाखूमुक्तीची शपथ घ्यायला लावते, तक्ते लावते, आणि माझ्याच शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाईला कधी एकदा विचारलं नव्हतं. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवी, हे मला पाठ होतं.

रत्नागिरीला तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं. घरातली पहिली आरोळी हीच: आता लाखो रुपये कुठून आणायचे? रेशन कार्ड होतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, लाईट (म्हणजे रेडिएशन) हे सगळं येतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे कागद द्यायचे. ऑपरेशनचा खर्च योजनेतून भागला. तरीसुद्धा काकी मुंबईला जायला तयार होत नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

मुलगा ट्रॉलरवर खलाशी. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, आश्विन-कार्तिक म्हणजे ऐन कमाईचे दिवस. तो बोट सोडून आईजवळ राहिला तर मागे बायको आणि दोन पोरं खाणार काय? ऑपरेशननंतर लाईट म्हणजे आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस. रोजचं काम काही मिनिटांचं, पण त्या मिनिटांसाठी दीड महिना मुंबईत राहावं लागतं. एके काळी लालबाग-परळला गावोगावच्या मंडळांच्या खोल्या असायच्या, गावाकडचा आजारी माणूस तिथे पथारी टाकायचा. आमच्या गावाची खोली आता नाही.

इथे मला मागचं सांगावं लागतं. २००८ साली माझ्या सासऱ्यांना घशाचा कॅन्सर झाला होता. तेव्हा अशी योजना नव्हती. वाडीच्या मंडळाने ४० हजार जमवले, ऑपरेशन झालं. लाईट तीस सांगितले होते. मी शिक्षणसेविका, महिना तीन हजार मानधन. ह्यांना कंपनीत लागून दोन महिने झालेले, रजा नाही. मामंजी काळाचौकीला ओळखीच्यांच्या गॅलरीत झोपायचे. त्या घरात सहा माणसं होती आणि सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहताना मामंजींना, घशाला नळी असलेल्या माणसाला, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेरा लाईट झाल्यावर एकटेच रातराणीने निघून आले. म्हणाले, बरं वाटतंय आता. लाईट अर्ध्यात सोडले की राहिलेल्या गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या वैशाखात ते गेले.

मामंजी लाईट सोडून आले त्या दिवशी मंडळाकडे सात हजार रुपये शिल्लक होते. खजिनदार माझे चुलत दीर. ह्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, पैसे औषधाला जमवलेत, खोलीभाड्याला नाहीत. मी नवी सून होते, दाराआड उभी राहून ऐकलं आणि काही बोलले नाही.

म्हणून काकींच्या वेळी खाटेवर पडल्या पडल्या मी आधी कागदावर खर्च मांडला, मग फोन हातात घेतला. तवसाळची माझी मैत्रीण फेरीबोटीने येऊन वही लिहायला बसायची. गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले होते, त्यांचे नंबर मंडळाच्या यादीत होते. मी एकेकाला फोन केला, सहा आठवड्यांत दीडशेच्या वर. व्हॉट्सॲपवर आवाहन टाकलं नाही, काकींच्या तोंडाचा फोटो तर नाहीच नाही. आजारी बाईचा फोटो गावभर फिरवून मिळणारे पैसे मला नको होते. फोनवर 'काहीतरी मदत करा' असंही म्हटलं नाही. 'डिसेंबरातल्या पहिल्या आठवड्याचं दोघांचं राहणं-जेवण तुमच्याकडे घ्याल का' असं विचारलं. नेमकं काम सांगितलं की माणूस नेमकं उत्तर देतो. एका टॅक्सीवाल्याने पैसे दिले नाहीत, पण दादरहून परळला सोळा वेळा नेऊन सोडलं. ते माझ्या वहीत पैशांच्याच पानावर लिहिलेलं आहे.

एकूण ७१,३५० रुपये जमले. त्यातून राहणं-जेवण २४,४००. पहिले काही दिवस लॉजवर गेले, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. परळला नाना पालकर स्मृती समितीकडेही विचारायचं असतं, आणि दोन्हीकडे पहिल्या दिवशीच नाव घालायचं, कारण वाट पाहावी लागते. प्रवास १०,६५०. त्यातले ८,५०० ऑपरेशननंतर नाकात नळी असताना घरी आणलं त्या गाडीचे, बाकी सगळं जाणंयेणं तुतारी एक्सप्रेसने आणि एसटीने. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. हे न कळल्यामुळे कितीतरी जण पूर्ण भाडं देऊन जातात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. नळीतून द्यायचं अन्न पातळ करायला मिक्सर आणि किरकोळ सामान २,२५०. योजनेत न बसलेल्या तपासण्या, औषधं आणि लाईटच्या आधी दात काढावे लागले ते, ६,९००. आणि काकींच्या मुलाच्या घरी दोन महिने बारा-बारा हजार, म्हणजे २४,०००.

ह्या शेवटच्या आकड्यावरून शिमग्यात सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, पालखी बसलेली असताना, माझ्या त्याच दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, औषधाला सात हजारसुद्धा नाहीत आणि पोराला चोवीस हजार? लोकांनी पगार वाटायला दिले होते काय?" मी वही उघडून सगळा हिशेब वाचला. मग म्हटलं, "भाऊजी, काकींचे तीसच्या तीस लाईट झाले. एक चुकला नाही. तुमच्या काकांचे तेरा झाले होते." ते उठून पालखीमागे गेले. प्रकरण तिथे संपलं असतं, पण गेल्या आठवड्यात आणखी एका घरी आजारपण आलं, आणि तिथे जाऊन ते पुन्हा तेच सांगून आले की ह्या वेळी पैसे फक्त औषधालाच द्यायचे. तुमचा प्रश्न मी त्याच दिवशी वाचला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचा उपचार फुकट होतो तो पेशंट उपाशी राहतो म्हणून परत येतो, सोबतचा माणूस कामावर जायला हवा म्हणून परत येतो. सोबतच्या माणसाची मजुरी हा औषधाचाच खर्च आहे. देणाऱ्याला हे आधी सांगा, वहीत तसंच लिहा. कुणी म्हणाला 'माझे फक्त औषधाला वापरा', तर ते वेगळ्या पानावर ठेवा आणि तसेच वापरा. मी दोघांचे तसे ठेवले होते.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर वरच सांगायला हव्या होत्या. तुम्ही सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर स्वतः वर्गणी मागायला पूर्वपरवानगी लागते. मी केंद्रप्रमुखांमार्फत अर्ज दिला होता, आणि खातं माझ्या नावावर नव्हतंच. पैसे थेट काकींच्या सुनेच्या खात्यात गेले, वही माझ्याकडे. शाळेच्या मुलांना डबे घेऊन दारोदार पाठवू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. आणि माझा हिशेब बघून तुमच्या काकांच्या उपचाराला पैसे लागणारच नाहीत असं धरू नका. प्रत्येक कॅन्सर वेगळा, काही औषधं योजनेत बसत नाहीत, कार्डावरचं नाव चुकलेलं असलं तरी दिवस जातात. आधी आरोग्यमित्राकडून काय बसतं आणि काय नाही ते लिहून घ्या, मगच आकडा ठरवा.

पायाचं म्हणाल तर डॉक्टरांनी दिलेले दिवस पूर्ण भरा. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, बोटं हलवत राहा, पोटरी दुखून सुजली तर थांबू नका, लगेच दाखवा. तंबाखूने हाड सांधायला उशीर लागतो, तुम्हाला सवय असेल तर निदान एवढे दोन महिने सोडा. वॉकरचे रबरी बूट सारवलेल्या जमिनीवर सरकतात. मी अंगणात एकदा थोडक्यात वाचले, त्यानंतर पडवीच्या पायरीखाली उतरले नाही. रजेसाठी वैद्यकीय दाखला पहिल्याच दिवशी जोडा. अर्धपगारी रजा शिल्लक असेल तर ती परिवर्तित, म्हणजे पूर्ण पगारी, करून घेता येते. हजर होताना फिटनेसचा दाखला लागतो. माझे सहा आठवडे संपेपर्यंत दिवाळीची सुट्टी आली, ती माझ्या पथ्यावर पडली. नऊ महिने झाले, अजून शेवटच्या तासाला पाऊल सुजतं, मग मी खुर्ची घेऊन शिकवते.

काकी अजून पातळच जेवतात. मशेरीचा डबा सुनेने खाडीत टाकला. वहीत ३,१५० रुपये शिल्लक आहेत. आषाढात त्यांची पुढची तपासणी आहे; कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात म्हणून आदल्या रात्रीचं तिकीट काढलंय, आणि दोन दिवस धर्मशाळेत राहायचे पैसे त्या शिल्लकेतूनच जाणार आहेत.