भुताच्या पिक्चरची खरंच भीती वाटते का? जुने चांगले की नवे?

मला खरी भीती एकदाच वाटली, तीही पिक्चर अर्धा राहिला म्हणून.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. गणपतीत मंडळ लातूरहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचं. आधी देवाची कॅसेट, मग मारामारीची, आणि बायाबापड्या उठून गेल्या की भुताची. त्या वर्षी रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) लागला होता. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं पेटीत, धड दुसरीकडं. दोन्ही एक होणार तेवढ्यात लाईट गेली. तासभर वाट बघून आम्ही चौघं बारवेच्या वाटेनं निघालो. "मागं काय बघूलालास?" असं एकानं विचारलं आणि सगळेच पळत सुटलो. शेवट बघितलाच नव्हता, त्यामुळं आमच्या लेखी सामरी वर्षभर मोकळाच फिरत होता.

पुढं कधीतरी पूर्ण बघितला तेव्हा हसूच आलं. पण रामसेंना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. सात भाऊ, तुलसी-श्याम दिग्दर्शन करायचे, एक कॅमेरा धरायचा, एक आवाज सांभाळायचा. धूर, लाल-निळा उजेड, करकरणारं दार, एवढ्याच भांडवलावर त्यांनी खेड्यापाड्यातली पोरं जागी ठेवली. (सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, हे कळल्यावर मात्र भीती पार गेली.)

अंगात सैतान शिरलेल्या पोरीचा इंग्रजी 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मला थंडच वाटला. इथं जत्रेत अंगात आलेल्या बाया लहानपणापासून बघितलेल्या असतात. कुणी घुमायला लागलं की आम्ही घाबरत नाही, बाजूला सरकून जागा करून देतो.

'झपाटलेला' (१९९३) विनोदी म्हणून बघतात. बाहुल्यात गुंडाचा जीव शिरण्याची कल्पना इंग्रजी 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली, पण रामदास पाध्यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज, यामुळं तात्या विंचू इथलाच झाला. 'ओम फट् स्वाहा' म्हटलं की अजून घरातलं पोरगं गप्प होतं.

नव्यातला 'तुंबाड' (२०१८) थेटरातच बघा. पहिल्यांदा लागला तेव्हा फार कुणी गेलं नाही. २०२४ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. त्यातला पाऊस थांबतच नाही. आभाळाकडं बघत बसणाऱ्या आमच्यासारख्याला सुरुवातीला त्या गावाचा हेवा वाटतो. अर्ध्या तासानं तोच पाऊस अंगावर यायला लागतो.

बाकी नव्यातले बरेचसे मला टाकाऊ वाटतात. शांतता, शांतता आणि एकदम धडाम! कानाशी लवंगी फटाका लावला तर बैलसुद्धा दचकतो, त्यात कसलं आलंय कसब.

मला एकच निवडायला सांगाल तर 'लपाछपी'. विशाल फुरियांचा, २०१७ला थेटरात आला; त्यांनीच पुढं हिंदीत 'छोरी' केला. कर्जदारांपासून लपायला एक गरोदर बाई नवऱ्यासोबत उसाच्या रानातल्या घरात येते. बास. आता, उभ्या उसात शिरलेल्या माणसाला विचारा. दोन सऱ्या आत गेलं की दिशा कळत नाही, हाक कुठून आली ते कळत नाही, पानानं हात चिरतात. तिथं वेगळं भूत आणावंच लागत नाही. शिवाय त्यातली भुतं पोटातच मारलेल्या मुलींच्या गोष्टीतून येतात. २०११च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या होत्या. हा आकडा डोक्यात ठेवून पिक्चर बघितला की 'हे खोटं आहे' असं मनाला समजावता येत नाही, आणि भुताच्या पिक्चरमध्ये आपला तेवढाच तर आधार असतो.

घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासोबत मात्र लावू नका. माझ्या बहिणीनं तो अर्ध्यातच बंद करायला लावला. मीही रिमोट मुकाट्यानं तिच्या हातात दिला.