एक डोळा लहान दिसतो, ट्रीटमेंट करून घेऊ का?

"मॅडम, माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान दिसतो, बोटॉक्स नाहीतर सर्जरी करून घेऊ का?" मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी कॉलेजातली मुलगी विचारते, कधी लग्नाचं बघायला सुरुवात झालेला मुलगा, आणि एकदा तर साठी ओलांडलेल्या काकांनी विचारलं होतं. सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं, हो किंवा नाही. ते मी देत नाही, कारण त्याआधी दोन गोष्टी सुट्या करून बघाव्या लागतात. पापणीत खरंच फरक किती आहे, आणि त्या फरकापायी दिवसातला किती वेळ जातोय. या दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो असं मला प्रॅक्टिसमध्ये परत परत दिसतं. एका मुलाची केस सांगते, त्याची परवानगी आहे आणि ओळख पटू नये म्हणून बरंच काही बदललंय.

निखिल म्हणू त्याला. सव्वीस-सत्तावीसचा, राहायला भांडुपला, नोकरी बीकेसीत. त्याची मोठी बहीण त्याला दादरला माझ्याकडे जवळजवळ ओढतच घेऊन आली होती, कारण एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये त्याने पॅकेज ठरवलं होतं, भुवईपाशी बोटॉक्स आणि डोळ्याखाली फिलर, ईएमआयवर, आणि फक्त टोकन भरायचं बाकी होतं. ताईचं म्हणणं एवढंच की आधी कोणाशी तरी बोल, मग भर पैसे.

सुरुवात कशी झाली विचारलं तर म्हणाला, बायोडेटासाठी फोटो काढायला स्टुडिओत गेलो होतो, तिथला माणूस कॅमेऱ्यामागून म्हणाला, "सर, डावा डोळा जरा उघडा ना." बस. त्या माणसाच्या हे लक्षातही नसणार, दिवसात पन्नास लोकांना तो हनुवटी खाली घ्या, खांदे सरळ करा म्हणत असेल. पण निखिलने घरी येऊन मोबाइलमधले सगळे जुने फोटो झूम करून पाहिले आणि तेव्हापासून ते थांबलंच नाही. लोकलमध्ये बंद स्क्रीनमध्ये बघायचं, ऑफिसच्या लिफ्टमध्ये बघायचं, व्हिडिओ कॉलवर समोरचा काय बोलतोय याऐवजी स्वतःच्याच चौकोनाकडे बघत बसायचं. मित्राच्या हळदीला ग्रुप फोटोत मुद्दाम डाव्या टोकाला उभं राहायचं आणि मान अशी वळवायची की तो डोळा मागे जाईल. मी विचारलं, सगळं धरून दिवसाचे किती तास? तो गप्प बसला आणि ताईच म्हणाली, "सकाळी बाथरूममधून बाहेर येत नाही हा, बाबा दार वाजवून दमतात."

मी त्याला साधी शाळेची पट्टी दिली आणि म्हटलं, दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांच्या उंचीत किती फरक आहे असं तुला वाटतं ते यावर दाखव. त्याने जवळजवळ अर्धा सेंटिमीटर दाखवला. ताईने तोंडावर हात ठेवला, हसू दाबायला असावा. मी काहीच बोलले नाही, आकडा वहीत लिहून ठेवला.

आता इथे मी एक गोष्ट कटाक्षाने करते, ती म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणं. "तुला उगाच वाटतंय" हे म्हणायचा अधिकार मला नाही, कारण डोळे असमान दिसण्यामागे खरी कारणंही असतात. पापणी उचलणारा स्नायू जन्मतः कमकुवत असतो, वयानुसार त्याचा पडदा सैल होतो, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत पापणी थोडी उतरलेली दिसू शकते. थायरॉइडमुळे एक डोळा पुढे येतो आणि मग दुसरा बिचारा धडधाकट असूनही लहान वाटायला लागतो. मायस्थेनिया नावाचा आजार असतो, त्यात सकाळी पापणी ठीक आणि संध्याकाळपर्यंत उतरलेली. हे सगळं बघणारे डॉक्टर म्हणजे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन, ते मूळचे डोळ्यांचेच डॉक्टर, पापण्या आणि खोबणीचं काम करणारे. प्रायव्हेट परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे, कुठेही डोळ्यांच्या ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करता येते, रांग असते पण तपासणी होते. जाताना जुने फोटो न्या, शाळेचे असतील तर उत्तमच. फरक लहानपणापासून आहे की आत्ता आलाय हे त्यावरून पटकन कळतं. आणि पापणी अचानक पडली, त्याबरोबर दोन-दोन दिसायला लागलं, एक बाहुली मोठी वाटली किंवा डोकं भयंकर दुखायला लागलं तर समुपदेशक, ब्युटी क्लिनिक, कोणाकडेच जाऊ नका, त्याच दिवशी, त्याच तासाला कॅज्युअल्टी गाठा.

निखिलने दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो नेला होता. त्यातही डावी पापणी तशीच. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारून, बाहुलीवर जो उजेडाचा ठिपका पडतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. साधारण चार-पाच मिलिमीटर नॉर्मल धरतात. याचं उजवीकडे चार, डावीकडे तीन. म्हणजे फरक एक मिलिमीटर. मग त्याला वर टक लावून बघायला लावलं, पापणी दमते का ते पाहिलं, बाहुल्या पाहिल्या, थायरॉइडची रक्ततपासणी झाली, सगळं ठीक. आणि एक गंमत त्यांनी दाखवली ती मला फार आवडली. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो, त्यामुळे एक पापणी ऑपरेशनने वर घेतली की कधीकधी दुसरी, जी इतके दिवस जोर लावून उघडी होती, ती थोडी खाली येते. त्यांनी बोटाने डावी पापणी उचलून धरली आणि उजवी किंचित उतरली. निखिलने आरशात बघितलं आणि "अरे" एवढंच म्हणाला. एक डोळा ठीक करायला जायचं आणि दुसऱ्याची तक्रार घेऊन यायचं, हे त्याने धरलंच नव्हतं.

त्या पॅकेजबद्दलही डॉक्टरांकडूनच नीट कळलं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, पापणी उचलणाऱ्या स्नायूत ताकद भरत नाही. भुवई खाली ओढणारा स्नायू सैल करून भुवई थोडीशी वर आणता येते, भुवया वरखाली असतील तर त्याचा उपयोगही होतो, पण तीन-चार महिन्यांत उतरतं आणि परत घ्यावं लागतं. औषध नको तिथे पसरलं तर उलट पापणीच पडते, काही आठवडे तशीच राहते. (हे औषध आधी डोळ्यांसाठीच आलं बरं का, 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारासाठी, सुरकुत्यांचं प्रकरण नंतरचं, 2002 चं.) फिलर डोळ्याखालचा खड्डा भरतो, पापणीची उंची बदलत नाही. आणि डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात, त्यामुळे फिलर चुकून नसेत गेलं तर नजर जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. क्लिनिकच्या चकचकीत माहितीपत्रकात हे कुठे होतं विचारलं तर निखिलने ते मागून-पुढून पाहिलं, नव्हतं. मला यावर राग येतो, येऊ दे.

मग पाच मिलिमीटर कुठून आले? यातला बराचसा वाटा मोबाइलचा. सेल्फी हातभर अंतरावरूनही नसतो, वीतभर पुढून काढतो आपण, त्यामुळे जे कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठं आणि बाजूचं लहान येतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब करून दाखवला होता की फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास तीस टक्के रुंद दिसतं. मान जराशी वळली की डोळ्यांचंही तेच. दुसरं म्हणजे आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, डावं-उजवं उलट. फोटोत ते सुलट होतं आणि ज्या बाजूला फरक बघायची सवय नाही तिथे तो दिसतो म्हणून दुप्पट वाटतो. 1977 मधला एक प्रयोग आहे, त्यात बायकांना स्वतःचा आरशासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो. म्हणजे तुमच्या आईला तुमचा जो चेहरा आवडतो तोच तुम्हाला फोटोत विचित्र वाटतो.

हे सगळं ऐकून निखिल बरा झाला असेल असं वाटलं का? अजिबात नाही. माहितीने दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत लिफ्टचा आरसा, आणि आता तर उजवी पापणीसुद्धा तपासायला लागला. इथे मी त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असल्याचं सांगितलं, म्हणजे दिसण्यातल्या किरकोळ किंवा नसलेल्याच दोषाची काळजी डोक्यातून न जाण्याचा आजार. शंभरात साधारण दोन माणसांना हे असतं, मुलग्यांनाही, फक्त ते सांगत नाहीत. आजाराचं वर्णन 1891 पासूनचं आहे, इन्स्टाच्या कितीतरी आधीचं. यात चेहऱ्यावर काही करून समाधान सहसा होत नाही, काळजी तिथून उठते आणि नाकावर नाहीतर केसांवर जाऊन बसते. डिप्रेशनमध्ये देतात त्यातलीच गोळी सुरू झाली, तिचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात हे आधीच सांगितलं होतं, आणि माझ्याकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी हळूहळू बदलायला शिकवणारी, बोलून करायची उपचारपद्धत.

त्यातला आरशाचा सराव सांगते. हातभर लांब उभं राहायचं, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा मोठ्याने सांगायचा, पण चांगलं-वाईट म्हणायचं नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, "भुवया जाड, डावा डोळा बेकार." मी म्हटलं बेकार हा रंग आहे की आकार? "डावा डोळा... तपकिरी." हं, पुढे. नाकापर्यंत यायला त्याला घाम फुटला होता. मग हळूहळू बाकीचं, लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचं, कॉलवर स्वतःचा चौकोन लपवायचा, ताईला "वेगळं दिसतंय का गं" विचारायचं नाही, आणि ताईने उत्तर द्यायचं नाही. हे ताईलाच जास्त जड गेलं, कारण "नाही रे सोन्या, छान दिसतोस" म्हटलं की तो पाच मिनिटं शांत व्हायचा ना. बाबांचं वेगळंच, पोरीसारखं काय आरशात, हे पालुपद. त्यांना एकदा बोलावून घेतलं, फार बोलले नाहीत, पण दार वाजवणं बंद केलं.

टोकन त्याने भरलं नाही. सर्जरी कधीच करणार नाही असंही म्हणत नाही, "नंतर बघू" म्हणतो आणि मला ते चालतं. आरसा अजून आहे, पण तासांचा मिनिटांवर आलाय, आणि ग्रुप फोटोत जागा मिळेल तिथे उभा राहतो.

याच्या अगदी उलट एक गिरगावच्या काकू. त्यांची पापणी खरंच इतकी उतरली होती की पेपर वाचायला मान वर करायच्या, संध्याकाळी कपाळ दुखायचं. आणि त्या मला काय विचारायला आल्या होत्या, तर या वयात असलं नटायचं खूळ बरं दिसेल का! आरशात त्या वेणी घालण्यापुरत्या बघायच्या. त्यांना मी एकच सांगितलं, सर्जनना भेटा. ऑपरेशन झालं, दोन्ही पापण्या आजही तंतोतंत सारख्या नाहीत आणि काकूंना त्याचं काही नाही, आता पेपर सरळ वाचता येतो.

हल्ली सगळे शेवटी विचारतात ते म्हणजे लग्नाआधी करून घेता येईल का. पापणीच्या ऑपरेशननंतर सूज आणि निळसरपणा काही आठवडे राहतो, पापणी कुठे स्थिरावली हे कळायला दोन-तीन महिने जातात, आणि कमी-जास्त झालं तर पुन्हा हात लावावा लागतो. म्हणून तारीख ठरली असेल तर तिच्या तोंडावर काही नवीन नको, बोटॉक्ससुद्धा पहिल्यांदाच घेताय तर नको. लग्न होऊ द्या, अल्बम येऊ द्या, त्यानंतरही करावंसं वाटलं तर अपॉइंटमेंट घ्या आणि शाळेचा फोटो सोबत न्या.