चार महिन्यांचं लॅब, पिशवीभर किबल आणि वर कॅल्शियमचं सिरप

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची आहे. चार महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, वजन १४ किलो. पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे दिवसाला ३२० ग्रॅम किबल (दाणेदार कोरडं खाद्य), शिवाय अर्धा लिटर दूध, दोन पोळ्या, एक अंडं. शी पातळ. पुढचे पाय पंजापासून बाहेर वळल्यासारखे दिसायला लागले म्हणून कॅल्शियमचं सिरप १० मिली दोन वेळा. आणि आता दुकानदार म्हणतोय, "हे खाद्य सूट होत नाहीये, भारीतलं घ्या आणि कॅल्शियम वाढवा." तर कुठलं खाद्य घ्यावं?

माझ्या मते खाद्य आत्ता बदलूच नका. त्याच्याभोवती जे काही चाललंय ते सगळं बदला.

आधी सांगून टाकतो: मी डॉक्टर नाही, आणि हे खेळतं-बागडतं पिल्लू धरून लिहितोय. ते मलूल असेल, उलट्या करत असेल, शीतून रक्त जात असेल, तर पुढचं वाचत बसू नका, आजच्या आज दवाखाना गाठा. या वयात पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) थांबत नाही.

आता बाटली. आमच्याकडे नेमकी हीच चूक झाली होती. पाय वाकले म्हणून एका दवाखान्यात हात न लावता "कॅल्शियम कमी पडतंय" असं सांगून डोस दुप्पट करून दिला आणि आम्ही तो इमानेइतबारे पाजला. त्याची किंमत मोजली, ते राहू द्या. पण हे असं का बिघडतं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून तेवढं सविस्तर लिहितो.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं शरीर आतड्यातून किती कॅल्शियम आत घ्यायचं ते गरजेप्रमाणे ठरवतं. जास्त दिलं तर कमी शोषतं, उरलेलं शीवाटे बाहेर. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत हे जमत नाही. पोटात जितकं जास्त जाईल तितकं जास्त रक्तात जातं, दार बंद करायची सोयच नाही. मग ते जास्तीचं आवरण्यासाठी शरीर हाडांची मोडतोड थांबवतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण वाढत्या हाडाला मोडतोड लागतेच. जुनं काढल्याशिवाय नवा आकार येत नाही आणि टोकाच्या कूर्चेचं हाड वेळेवर होत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी शेजारी वाढत असतात. त्यातलं एक मागे पडलं की दुसरं धनुष्यासारखं वाकतं आणि पंजा बाहेर वळतो. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन या भराभर वाढणाऱ्या जातींत हे जास्त दिसतं. पामेरियनला तेच सिरप दिलं तर बहुधा काही दिसणारही नाही, म्हणून "आमच्या कुत्र्याला दिलं, काही झालं नाही" या सल्ल्याला अर्थ नाही.

गोम अशी की कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात. पण ते कुठल्या पिल्लाचे? जे नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या चिकन-भातावर वाढतंय त्याचे. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं, हाडं पातळ होतात, साध्या उडीनेही मोडतात. म्हणजे दोन उलट्या कारणांनी पाय सारखाच वाकडा दिसतो. संपूर्ण (म्हणजे सगळे पोषक घटक मापात असलेलं) किबल खाणाऱ्या पिल्लाला पाय बघून सिरप देणं म्हणजे ताप दिसला की क्विनाईन देण्यासारखं झालं.

तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशोब मांडता येतो. लेबलांवर आफ्को असं जे दिसतं ती अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियंत्रकांची संघटना. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लासाठी त्यांची मर्यादा दर १००० किलोकॅलरी खाद्यामागे किमान ३ आणि कमाल ४.५ ग्रॅम कॅल्शियम अशी आहे. तुमच्या पिल्लाची गरज साधारण १००० किलोकॅलरीच आहे (कशी ते खाली), म्हणजे दिवसाचं माप ३ ते ४.५ ग्रॅम. तुमच्या पिशवीवर कॅल्शियम १.२ टक्के आहे. २८० ग्रॅम किबलमधूनच ३.४ ग्रॅम मिळतं. झालं, पुरलं. पण तुम्ही देताय ३२० ग्रॅम, त्यातून ३.८. अर्धा लिटर दुधातून ०.६. सिरपच्या बाटलीवर ५ मिलीला २०० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे २० मिलीतून ०.८. एकूण ५.२ ग्रॅम. त्यात दुकानदार म्हणतो वाढवा.

शिवाय या सिरपांत बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वही असतं, आणि ते शरीरात साठतं. घरगुती उपाय म्हणून अंड्याच्या कवचाची पूड सुचवणारेही भेटतील. एका कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा "चिमूटभर काय होतंय" असं म्हणू नका.

सिरप बंद करा हे मी ठामपणे म्हणतोय ते फक्त यासाठी की तुमचं किबल संपूर्ण आहे आणि लार्ज ब्रीड पपीचं आहे. चिकन-भातावर असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

दवाखान्यात गेलात की रक्तातलं कॅल्शियम तपासू या असं म्हणतील. त्यावर आहाराचा निवाडा करू नका. हाडं पोखरली जात असली तरी शरीर रक्तातली पातळी जागेवर राखतं, त्यामुळे "नॉर्मल" आलं तरी काही कळत नाही. एक्स-रे मागा, दोन्ही पुढच्या पायांचा, समोरून आणि बाजूने, कोपर आणि मनगट दोन्ही दिसतील असा. एकाच पायाचा काढला तर तुलना कशाशी करणार? आणि हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. वाढ सुरू आहे तोवरच सुधारायला वाव असतो.

पाय वाकलाय असं ठरवण्याआधी एक वेगळी गोष्टही बघून घ्या. पिल्लू उभं असताना पंजा सपाट पडून मनगट खाली बसतंय का? तसं असेल तर ते बऱ्याचदा मनगटाचं ढिलेपण असतं. साधारण दीड ते चार महिन्यांच्या गुबगुबीत पिल्लांत दिसतं, आणि आपल्याकडच्या गुळगुळीत टाईल्सवर दिवसभर घसरणं त्याला हातभार लावतं. वजन आटोक्यात, खाद्य संतुलित आणि पायाखाली पकड मिळाली की पुष्कळदा काही आठवड्यांत सुधारतं. जुनं सतरंजीचं कापड घालू नका, ते स्वतःच सरकतं. रबरी पाठीची पायपुसणी किंवा योगा मॅट ओळीने टाका, नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटा.

आता मापाचा हिशोब. वजन किलोत घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि ७० ने गुणा. १४ × १४ × १४ = २७४४, वर्गमूळ ५२.४, पुन्हा वर्गमूळ ७.२४, गुणिले ७० म्हणजे ५०७. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांपुढच्या पिल्लाला त्याच्या दुपटीपासून सुरुवात करतात, म्हणजे १०१४. काहींना अडीचपट लागते, पण लॅबला सुरुवात खालूनच करा.

पिशवीवर किलोकॅलरी लिहिल्या नसतील (तुमच्या नाहीत) तर प्रथिनं आणि पिष्ट यांचे ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाचे ८.५ धरा. तुमच्या पिशवीवर १०० ग्रॅममागे प्रथिनं ३०, स्निग्धांश १६, तंतू ३, ओलावा १०, राख (म्हणजे खनिजं) लिहिलेली नाही म्हणून अंदाजे ७. उरलं ३४, ते पिष्ट. १०५ + १३६ + ११९ = १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी. म्हणजे १०१४ साठी साधारण २८० ग्रॅम. पिशवीवरचा ३२० हा आकडाही तसा वेडगळ नाही. पण तो दुसरं काहीही देत नसाल तरचा आहे, आणि हे तक्त्याखाली इतक्या बारीक अक्षरात असतं की वाचलं जात नाही. तुमचं आजचं ताट: किबल ११५०, दूध ३००, पोळ्या २००, अंडं ७०. १७०० च्या वर. पातळ शी व्हायला एवढं पुरे. दुधातली साखर पचवायची ताकद दूध तुटल्यावर पिल्लांत कमी होत जाते, आणि अर्धा लिटर ही तर परीक्षाच झाली.

म्हणून दूध पूर्ण बंद, पोळी बंद. अंडं ठेवायचं तर उकडून द्या आणि २० ग्रॅम किबल कमी करा. दिवसाचं माप तीन वेळांत वाटा, सहा महिन्यांनंतर दोन. शिकवताना जे दाणे देता ते याच मापातून काढा. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. वाटी "भरून" म्हणजे घरातल्या चार जणांची चार मापं, आणि आजीची सगळ्यात मोठी.

सोबत शीची तपासणी करून घ्या. जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) नसल्याची खात्री झाल्याशिवाय खाद्याला दोष देऊ नका. जंताचं औषध या वयात, सहा महिन्यांपर्यंत, महिन्याला एकदा. दर पातळ शीला खाद्य बदललं तर पोट कधीच बसत नाही. पुढे कधी बदलावंच लागलं तर आठ-दहा दिवसांत: पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण.

पुढे माप वाढवायचं की नाही हे पिशवी नाही, बरगड्या सांगतील. डोळे मिटून स्वतःच्या हातावर बोट फिरवा. मूठ वळल्यावर गाठी लागतात तशा बरगड्या लागल्या तर बारीक. हात सरळ ठेवून हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर लागतं तसं हवं. तळव्याच्या बाजूने लागतं तसं झालं तर जाड. दर रविवारी त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. आठवड्याला किलोच्या आसपास वाढ ठीक, दीड-दीड किलो वाढत असेल तर माप कमी. लोक म्हणतील सुकवलंय. म्हणू द्या. लॅब्रेडॉरांवरचा एक जुना प्रयोग आहे, निकाल २००२ मध्ये छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या, ४८ कुत्री, जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

खाद्य निवडायचंच झालं तर पिशवीच्या दर्शनी भागावरचं काही वाचू नका. मागे "वाढीसाठी संपूर्ण" हे शब्द आणि मोठ्या जातीच्या पिल्लाचा स्पष्ट उल्लेख शोधा. आयात पिशव्यांवर कधी कधी नेमकं उलटं लिहिलेलं असतं, प्रौढ वजन ७० पाउंडांपेक्षा (म्हणजे ३२ किलो) जास्त होणाऱ्यांची वाढ वगळून. ते तुमच्यासाठी नाही, नर लॅब तिथे सहज पोचतो. ग्रेन-फ्रीच्या (धान्य नसलेल्या खाद्याच्या) नादी लागू नका. डाळी-वाटाण्यांवर बेतलेल्या तशा खाद्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ मध्ये हृदयविकाराच्या संशयावरून चौकशी सुरू केली. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण जास्त पैसे मोजून तो धोका कशाला? घरचं शिजवून घालायची इच्छा समजू शकतो, पण निदान वर्षभर थांबा. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, ९५ टक्क्यांत एक तरी पोषक घटक कमी निघाला. वाढत्या लॅबवर तो प्रयोग नको.

२८० ग्रॅमप्रमाणे महिन्याला साडेआठ किलो लागतं, तेव्हा १० किलोची पिशवी घ्या, २० ची स्वस्त पडली तरी नको. सुटं, पोत्यातून तोलून दिलेलं तर अजिबात नको. त्याला ना तारीख, ना बॅच, आणि पावसाळ्यात मक्याच्या खाद्याला बुरशी धरली तर तिचं विष उष्णतेनेही जात नाही. पिशवी डब्यात रिकामी करू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. डब्याच्या भिंतीला जुनी चरबी चिकटते आणि पुढचा माल खवट करते. नाकाला जुन्या तळणीच्या तेलासारखा वास आला की फेका.

घरातल्यांना एवढं बजावा: कांदा-लसणाचा रस्सा नाही, द्राक्षं-मनुका नाहीत (शिऱ्यातल्यासुद्धा), शिजवलेली हाडं नाहीत. प्रसादाच्या नावाखाली सगळ्यात जास्त मनुकाच जातात.

आणि सिरपची बाटली फेकण्याआधी तिच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, किबलच्या पिशवीच्या मागच्या बाजूचाही. एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांना किती दिवस, किती मिली, ड जीवनसत्त्व किती, हे आकडे लागतील. आजपासूनच्या रविवारच्या वजनांसोबत ते एका कागदावर लिहून न्या.