62 हजारांचं स्टीअरिंग हप्त्यावर घ्यावं का?

पुण्यात एकटे राहणाऱ्या 27 वर्षांच्या वाचकाचा प्रश्न आहे. हातात पगार 46 हजार, घरभाडं आणि गावी पाठवायचे पैसे धरून खर्च 33 हजार, एसआयपी 5 हजार, बँकेत 90 हजार. रेसिंग गेमसाठी 5 न्यूटन-मीटर ताकदीचं (हे चाक फिरवणाऱ्या जोराचं माप) डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे चाक थेट मोटरला जोडलेलं स्टीअरिंग 12 महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेऊ का? मित्र त्याचं जुनं लॉजिटेक जी 29 पेडलसह 14 हजारांना देतोय.

तुमची ओढ मला पटते. माझ्या भाच्याकडे मी असं स्टीअरिंग धरून पाहिलंय. वळणावर पुढच्या टायरची पकड सुटली आणि हातातलं चाक अचानक हलकं झालं. गाडी घसरतेय हे पडद्यावर दिसायच्या आधी मनगटाला कळलं! साध्या कंट्रोलरच्या थरथरीत ही मजा नाही.

तरीही 62 हजारांचं आत्ता नको. हप्ता 5,167 रुपये. व्याज दुकानदार सवलतीतून भरून काढतो, पण त्यावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी. व्याजदर 15 टक्के धरला तर हा जीएसटी साधारण 850 रुपये, शिवाय प्रोसेसिंग फी. ही रक्कम किरकोळ आहे. मला काळजी वाटते ती एसआयपी आणि हप्ता जाऊन महिन्याला जेमतेम 2,800 उरतील याची. तुमचे 90 हजार तीन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाहीत, आणि घरचे तुमच्यावर अवलंबून आहेत.

शिवाय एवढ्या ताकदीची मोटर साध्या टेबलाला जोडली की टेबलच हलतं. भाच्याला शेवटी लोखंडी स्टँड घ्यावा लागला. तो खर्च तुमच्या हिशेबात नाही.

मित्राचं घ्या, रोखीने. जी 29 ची ताकद साधारण 2 न्यूटन-मीटर, आत गिअर असल्याने थोडी खडखड जाणवते, पण टायरची भाषा शिकायला पुरेसं आहे. घेण्याआधी लॅपटॉपला जोडून ब्रेक हळूहळू दाबा. सेटिंगमधली पट्टी मध्येच उड्या मारत असेल तर आतला सेन्सर खराब झालाय किंवा त्यात धूळ बसलीय, किंमत कमी करून मागा. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून सोडा, मधोमध परत येतं का बघा.

दोन महिन्यांच्या शिलकीत हे पैसे निघतील. मग दरमहा 8 हजार बाजूला टाका. बँकेतले 90 हजार धरून साधारण 14 महिन्यांत सहा महिन्यांच्या खर्चाची, म्हणजे जवळपास दोन लाखांची तजवीज होईल. तेव्हाही रोज तासभर खेळत असाल, तर जुनं विकून डायरेक्ट ड्राइव्ह खुशाल घ्या.