‘मोमेंटरिली’ : क्षणभर की एवढ्यात?

प्रश्न : मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. रात्रीच्या मीटिंगआधी अमेरिकेतल्या साहेबांचा मेसेज आला, ‘आय विल जॉईन मोमेंटरिली.’ ते क्षणभरच येणार असं समजून मी महत्त्वाचे मुद्दे उद्यावर ढकलले. साहेब लगेच आले आणि शेवटपर्यंत बसले! डिक्शनरीत तर ‘क्षणभर’ असंच आहे. मग चूक कोणाची?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : चूक कोणाचीच नाही. आपल्या शाळांमधलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. त्यात ‘मोमेंटरिली’ म्हणजे क्षणभर, आणि हा अर्थ 17 व्या शतकापासूनचा आहे. 20 व्या शतकात अमेरिकेत ‘एवढ्यात, लवकरच’ हा दुसरा अर्थ रुळला. तुमच्या साहेबांनी म्हटलं ते आपल्या नागपुरी ‘येऊनच राहिलो ना!’सारखं.

ओळखायचं कसं? क्रियापदाचा काळ बघा. ‘द लाइट्स वेंट ऑफ मोमेंटरिली’ म्हणजे लाइट क्षणभर गेले. गोष्ट घडून गेली आहे, तिथे शंका नाही. वाक्यात ‘विल’ असेल आणि बोलणारा अमेरिकन असेल, तर बहुधा ‘एवढ्यात’. बहुधाच म्हणते, कारण ‘द ट्रेन विल स्टॉप मोमेंटरिली ॲट वर्धा’ हे वाक्य घ्या. गाडी आता थांबते आहे, की थांबून लगेच सुटणार आहे? पोराबाळांना घेऊन, बॅगा सांभाळत उतरायचं असेल तर हे नीट कळायलाच हवं.

अमेरिकन अर्थाला सरळ ‘चूक’ म्हणणारे शिक्षक आहेत. मला ते पटत नाही. अख्खा देश रोज ज्या अर्थाने शब्द वापरतो, तो अर्थ विद्यार्थ्यांना सांगितलाच पाहिजे. नाहीतर त्यांची तुमच्यासारखी अडचण होते. मी वर्गात एवढंच सांगते, की वाचताना-ऐकताना दोन्ही अर्थ ध्यानात ठेवा, स्वतः लिहिताना मात्र हा शब्द टाळा. थोडाच वेळ असेल तर ‘ब्रीफली’ किंवा ‘फॉर अ मोमेंट’ लिहा, लवकरच असेल तर ‘शॉर्टली’ किंवा ‘इन अ मोमेंट’. मग पुण्यातला वाचो की शिकागोतला, गोंधळ होत नाही.

उच्चारही वेगळा आहे. ब्रिटिश लोक पहिल्या ‘मो’वर जोर देतात, अमेरिकन बहुतेक ‘मोमेंटेरिली’ म्हणत ‘टे’वर.

‘प्रेझेंटली’चंही असंच. ‘शी इज प्रेझेंटली इन पुणे’ म्हणजे ती सध्या पुण्यात आहे. ‘शी विल कम प्रेझेंटली’ म्हणजे ती थोड्या वेळात येईल.